काळ्या अँबॅसिडरवरची आग

आमचे हे निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मोठ्या साहेबांनी भाषणात सांगितलं, "इनकी फ़ाइल पर पैंतीस साल में एक भी आपत्ति नहीं आई." हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. परत येताना ऑटोत हे घड्याळ मांडीवर धरून बसले. घरी आल्यावर शाल सोफ्यावर फेकली आणि म्हणाले, "पस्तीस वर्षं नोकरी केली. आन् लोकायले आठवण काय राह्यली? आपत्ती आली नाही."

"मंग काय, यायला पाहिजे होती का?" मी विचारलं.

ते कपडे बदलायला आत गेले. पण आपत्ती पुढच्याच महिन्यात आली, आणि ती आमच्या अँबॅसिडरवर आली.

ही अँबॅसिडर माझ्या सासऱ्यांची. ते रेल्वेत होते, वर्ध्याहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. कुण्या साहेबाची वापरून झालेली पांढरी गाडी त्यांनी हौसेनं घेतली होती. ते गेल्यावर ती आमच्या तेलीबांध्याच्या कॉलनीत पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असायची. दसऱ्याला ताडपत्री काढायची, हार घालायचा, हॉर्न वाजतो का ते पाहायचं, पुन्हा झाकायची.

निवृत्तीनंतर हे मोबाइलवर गाड्या पाहायला लागले. परदेशातले पांढऱ्या दाढीचे, सुटलेल्या पोटाचे म्हातारे आपापल्या जुन्या गाड्या घेऊन मैदानात जमतात आणि दिवसभर खुर्च्या टाकून त्यांच्याकडे पाहत बसतात, असे ते व्हिडिओ. त्या गाड्यांच्या बॉनेटवर ज्वाळा रंगवलेल्या. समोरून पिवळ्या, मागे नारिंगी, दारापर्यंत जाता जाता लाल, आणि प्रत्येक ज्वाळेच्या कडेनं एक बारीक निळी रेघ.

"पाह्य," त्यांनी मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला, "हे रेघ हातानं मारतात. पट्टी नाही, काही नाही. आपल्या गाडीले असंच करतो."

मला वाटलं गंमत करून राहिले. हा माणूस जिन्यातून अर्ध्यावर परत येतो, गॅसचा रेग्युलेटर बंद केला की नाही पाहायला. मुलीनं एकदा मोरपंखी शर्ट आणून दिला, तर तो त्यांनी हिवाळ्यात स्वेटरच्या आतून घातला, नुसती कॉलर दिसेल असा. असा माणूस गाडीला आग लावायची म्हणतो, यावर कोण विश्वास ठेवील? मुलगी भिलाईला असते. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. तिला फोन केला तर म्हणाली, "मम्मी, करने दो ना. दूसरी शादी तो नहीं कर रहे."

आधी गाडी काळी करून आणली. रंग बदलला म्हणजे परिवहन कचेरीत कागदावर तसं नोंदवावं लागतं, आणि ज्यांच्या फाइलीवर कधी आपत्ती आली नाही ते हे असं काम कसं सोडतील? मला बरोबर नेलं. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "कलर?" हे म्हणाले, "काला. और उस पर आग." बाबूनं कॉम्प्युटरमधली रंगांची यादी वरून खाली, मग खालून वर पाहिली. शेजारच्या बाबूला बोलावलं. दोघांनी मिळून पाहिली. "आग का ऑप्शन नहीं है सर," तो म्हणाला. "सिल्वर है, मैरून है, अदर है." यांनी विचारलं की मग लेखी हरकत तर येणार नाही? बाबू म्हणाला, आग लावून फोटो दाखवा, मग बघू. शेवटी 'काला' एवढंच लिहिलं गेलं, आणि हे घरी येईपर्यंत कुरकुरत राहिले की अपूर्ण माहिती देणं बरोबर नाही.

पेंटर त्यांना गुढियारीत सापडला. सत्तरीकडे झुकलेला, काटक, कानामागे पेन्सिल. त्यानं जन्मभर ट्रक रंगवले होते. उरला भागातल्या कारखान्यांतून सळया घेऊन निघणाऱ्या अर्ध्या ट्रकांच्या मागचे मोर आणि कमळं आपलीच, असं तो सांगायचा. आता सगळे स्टिकर चिकटवतात, त्यामुळे त्याच्याकडे वेळच वेळ होता. यांनी त्याला मोबाइलवरचं चित्र दाखवलं. त्यानं ते डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं आणि छत्तीसगढीत विचारलं,

"इंजन म आग लगे हे, अइसने देखाना हे का?"

"हव," हे म्हणाले.

"काबर?"

काबर म्हणजे आमचं 'काहून', कशासाठी. ते म्हणाले, अच्छा लगता है. पेंटरनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबे घेऊन हजर झाला.

मी चित्रकलेची शिक्षिका होते, हे इथं सांगून टाकते. एकतीस वर्षं एका शाळेत शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, नदी आणि नदीत बदक. इन्स्पेक्टर यायचे तेव्हा फळ्यावर रंगीत खडूनं कमळ. रेघ पट्टीनं मारा, हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले असेन की माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं, आता ती डॉक्टर आहे, मला बाजारात पाहिल्याबरोबर तेच म्हणून दाखवलं. तेव्हा या पेंटरकडे मी थोडी वरूनच पाहत होते. ट्रकवाला तो ट्रकवाला, अशी भावना मनात होती. ती लपवायची माझी इच्छाही नव्हती.

ज्वाळा त्यानं तीन दिवसांत भरल्या. चौथ्या दिवशी रेघेचं काम काढलं. त्याच्याकडे एक ब्रश होता, दांडी बोटाएवढी आणि केस बोटाहून लांब. मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर निळा रंग ओतून त्यात तो ब्रश उलटसुलट घोळवायचा, धार येईपर्यंत. मग करंगळी पत्र्यावर टेकवून, श्वास सोडत, अख्खा हात आपल्याकडे ओढायचा. ब्रश पुढे जायचा नाही, तो मागे सरकायचा, आणि रेघ ब्रशच्या मागून निघत यायची. दिव्यापासून निघून चाकावरून वळसा घेत दाराच्या कडीपर्यंत, एका दमात. मी चहा द्यायला गेले होते. कपातला चहा गार झाला तरी तिथंच उभी होते.

पार्किंगमध्ये जत्रा भरायला लागली. प्रत्येकाला सल्ला द्यायचा होता. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ वास्तू पाहतात. ते म्हणाले, आग आहे तर गाडीचं तोंड आग्नेयेला हवं, आत्ता ते वायव्येला आहे, घरात आजारपण येईल. गाडीची बॅटरी बसलेली. हे आणि दोन वॉचमन, तिघांनी मिळून ती ढकलत फिरवली. यांच्या कंबरेत चमक भरली, ती आठ दिवस गेली नाही. वास्तूवाले भेटायला आले आणि म्हणाले, बघा, उशीर झाला होता.

सोसायटीच्या सेक्रेटरीनं ग्रुपवर संदेश टाकला की पार्किंगमध्ये अग्निविषयक चित्रकारी केल्यानं मुलांच्या मनावर विपरीत परिणाम होऊ शकतो, सदस्यांनी याचं भान ठेवावं. त्याखाली अठरा जणांनी हात जोडले. दोन दिवसांनी तोच सेक्रेटरी दुपारी सगळे झोपलेले पाहून खाली आला आणि पेंटरला हळूच विचारायला लागला की मुलाच्या स्कूटीवर एक छोटीशी आग होईल का, जास्त नको, नुसती मडगार्डवर.

हे सगळं चाललेलं असताना यांनी एक फॉर्म भरून टाकला होता. शहरातले काही हौशी लोक दर हिवाळ्यात जुन्या गाड्यांची फेरी काढतात, तेलीबांध्याच्या तलावापासून नवा रायपूरच्या रस्त्यानं. त्यात आमची अँबॅसिडर जाणार होती. फेरीला तीन आठवडे होते. बॉनेट आणि डावी बाजू झाली होती. कॉलनीतले सगळे वाहवा करत होते, आणि मी, चित्रकलेची शिक्षिका, सगळ्यांत जास्त.

मग पेंटर उजव्या बाजूला आला, आणि थांबला. ब्रश घोळवला, करंगळी टेकवली, उचलली. पुन्हा टेकवली. असं चार वेळा झालं. हे अस्वस्थ होऊन फेऱ्या मारायला लागले. मी विचारलं, "क्या हुआ भैया?"

त्यानं ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि अगदी साधेपणानं सांगितलं, "लाइन दू ठन दिखथे, दीदी." एका रेघेच्या दोन दिसतात.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजवा चांगलाच पिकलेला. यांनी स्वतः त्याला स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं, सगळे कागद क्रमानं लावून फाइल केली, फाइलवर त्याचं नाव घातलं. आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, बारीक काम तर बिलकूल नाही. डाव्या डोळ्याचं नंतर पाहू.

माणूस बरा होतोय याचा आनंद होताच. पण हे घरात येऊन बसले ते निवृत्तीच्या दिवसासारखेच बसले. "अर्धी गाडी," म्हणाले. "अर्धी गाडी घेऊन कसा जाऊ?" त्यांनी उपाय पण काढला, की फेरीत पूर्ण वेळ रस्त्याच्या उजव्या कडेनं चालवायची, म्हणजे लोकांना डावीच बाजू दिसेल. मी विचारलं, समोरून येणाऱ्या ट्रकला काय दिसेल?

मी कधी म्हटलं ते आठवत नाही, पण म्हटलं. "मी मारू का रेघ?"

ते माझ्याकडे वळले. "तुले येते?"

"नाही येत. पण तुम्हालेही गाडी कुठं येते? तीस वर्षं दसऱ्याले नुसता हॉर्नच तर वाजवला."

पेंटरनं ब्रश दिला. मी आधी स्टीलच्या परातीवर सराव केला, मग फ्रिजच्या दारावर, मग रिकाम्या सिलेंडरवर. सिलेंडर बदलायला आलेल्या माणसानं तो निळ्या वेलबुट्टीचा सिलेंडर खाली ठेवला, पाहिला, आणि खांद्यावर घेऊन गेला. माझी रेघ थरथरायची. मनगटातून यायची ती. एकतीस वर्षं पट्टी धरलेलं मनगट, त्याला दुसरं काही माहीतच नव्हतं.

ऑपरेशनच्या सहाव्या दिवशी पेंटर काळा चष्मा लावून आला आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर गाडीपासून चार हात दूर बसला. त्याला माझी रेघ दिसत नव्हती, पण माझा हात दिसत होता.

"हाथ ले नइ, खाँध ले," तो म्हणाला. खांद्यातून ओढ. "अउ साँस झन रोक."

श्वास न रोखता रेघ मारणं किती कठीण आहे, ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. पहिल्या दिवशी मी अकरा रेघा मारल्या आणि अकराही रॉकेलच्या फडक्यानं पुसल्या. दुसऱ्या दिवशी एक राहिली. मराठी मंडळातल्या दोन मैत्रिणी हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आल्या, तर मी गाडीखाली पाय पसरून, नाकाला निळा रंग लागलेली. "अगं, यांची तब्येत बरी आहे ना?" एकीनं विचारलं. माझी नाही, यांची. फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी चारला उजवी बाजू पूर्ण झाली. सरळ झाली होती. मी लांब जाऊन पाहिलं आणि माझा मलाच फार अभिमान वाटला. तो मी कुणापासून लपवला नाही.

फेरीच्या सकाळी बॅटरी चार्ज करून गाडी नेली, तर तलावाकाठी चाळीसेक गाड्या उभ्या होत्या. हातमोजे घातलेले एक परीक्षक आले. गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "ये मूल रंग नहीं है." मूळ रूपातल्या गाड्यांत आम्हाला जागा नव्हती. आम्हाला 'बदललेल्या गाड्या' या गटात पाठवलं. तिथं सगळी विशी-पंचविशीची पोट्टी, माणसाच्या छातीएवढ्या चाकांच्या जीपा आणि कानठळ्या बसवणारं संगीत. त्यांच्यामध्ये आम्ही दोघं, यांनी क्रीम रंगाचा शर्ट घातलेला, मी नारायणपेठ नेसलेली. पोट्ट्यांनी मात्र फार आदरानं वागवलं. एकानं विचारलं, "अंकल, स्टिकर कहाँ से लिया?" मी असं काही त्याच्याकडे पाहिलं, की तो "सॉरी आंटी" म्हणून जीपच्या मागे गेला.

दुसरे परीक्षक आले. डाव्या बाजूपुढे उभे राहून म्हणाले, "वाह, क्या हाथ है!" उजव्या बाजूला आले आणि म्हणाले, "ये साइड मशीन से करवाई?" हे मोठ्या गर्वानं सांगायला लागले की मशीन नाही, मिसेस. मी मात्र मशीनवर अडकून राहिले. हे कौतुक आहे की काय आहे, मला ठरवता येईना.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. झेंडी दाखवण्याआधी त्यांना कुठल्यातरी गाडीत बसून फोटो हवा होता. मूळ रूपातल्या गाड्यांचे मालक दारं उघडून उभे राहिले, पण पाहुणे सरळ आमच्या आगीकडे आले. मागच्या सीटवर बसले. त्यांच्याबरोबर आणखी चौघं बसली, ती कोण होती हे आजही माहीत नाही. हे स्टिअरिंगवर ताठ बसले. दीड तास इंजिन चालू ठेवलं होतं, बंद केलं तर पुन्हा लागेल की नाही या भीतीनं. गाडी वीस पावलं चालली आणि बॉनेटच्या दोन्ही कडांतून वाफ निघाली.

रेडिएटर उकळला होता, बाकी काही नाही. पण काळं बॉनेट, त्यावर पिवळ्या-लाल ज्वाळा आणि वर पांढरा धूर, असं ते दृश्य. कुणीतरी ओरडलं, "आग! आग!" पाहुणे आणि ती चौघं कुठल्या दारातून बाहेर पडली ते कळलंच नाही. एक स्वयंसेवक लाल सिलेंडर घेऊन धावत आला. हे खिडकीतून हात हलवून ओरडत होते, "पेंट है! पेंट है!" तो म्हणाला, "सर, आप बाहर आइए, हम देखते हैं," आणि त्यानं पूर्ण सिलेंडर बॉनेटवर रिकामा केला.

पांढऱ्या भुकटीचा ढग खाली बसला तेव्हा आमची गाडी पुन्हा पांढरी झाली होती. हे बाहेर आले, डोक्यापासून बुटांपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. मला वाटलं, आता रडतात. ते हसायला लागले. बॉनेटला टेकून, पोट धरून हसत राहिले. यांना असं हसताना मी लग्नानंतर तिसऱ्यांदा पाहिलं असेल. जीपवाली पोट्टी पाण्याच्या बाटल्या घेऊन धावली, त्यांनीच रेडिएटर भरला, त्यांनीच गाडी धुतली. रंगाला काही झालं नव्हतं. बक्षीस मूळ रूपातल्या एका गाडीला मिळालं. ती ट्रेलरवर आली आणि ट्रेलरवरच गेली. आम्हाला 'सहभाग' असं लिहिलेली ढाल मिळाली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी आली की जुन्या गाडीला लागलेली आग स्वयंसेवकांच्या तत्परतेमुळे विझली. यांनी संपादकांना दुरुस्तीचं पत्र लिहिलं, पोच घेतली, आणि काही छापून आलं नाही.

दीड महिन्यानं पेंटर आला. नवा चष्मा लावून, कानामागे पेन्सिल खोचून. मी कान टवकारून उभी. तो आधी माझ्या बाजूला गेला. बसला, उठला, कडीपर्यंत गेला.

"सीधा हे," म्हणाला. मग रेघेवरून बोट फिरवून, "फेर डराए हे."

सरळ आहे, पण घाबरलेली आहे. मला राग आला पाहिजे होता. पण रेघेकडे पाहिलं आणि वाटलं, हे तर कुणीही सांगू शकलं असतं. परीक्षकानं 'मशीन' म्हणून सांगितलंच होतं.

मग तो डाव्या बाजूला, स्वतःच्या कामाकडे गेला.  चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ए काय हे?" पुटपुटला. चाकाच्या वरचा वळसा दोन ठिकाणी घसरला होता. दिव्याजवळ रेघ ज्वाळेची कड सोडून बाहेर आली होती आणि पुन्हा आत गेली होती. त्यानं बोट ठेवून दाखवल्यावर मलाही ते स्पष्ट दिसलं. आधी दिसलं नव्हतं. कॉलनीत कुणाला दिसलं नाही, परीक्षकाला दिसलं नाही, आणि पाहणं हेच जिचं काम होतं तिलाही नाही. माझ्या डोळ्यांत तर मोतीबिंदूही नव्हता.

"लोगन मन बने हे, बने हे कहत रहिन," तो म्हणाला. लोक छान आहे, छान आहे म्हणत राहिले. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं.

"आता असू द्या ना," हे म्हणाले. त्यांना त्या गाडीची सवय झाली होती. "ढाल मिळाली तिला."

पेंटरनं ऐकलं नाही. त्यानं डबा उघडला, खोक्याच्या झाकणावर काळा रंग ओतला आणि आपल्या रेघेचे चुकलेले तुकडे झाकायला सुरुवात केली. पिशवीतून त्यानं दुसरा एक ब्रश काढला, तसाच लांब केसांचा, पण नवा, आणि गाडीच्या छतावरून माझ्याकडे सरकवला.

"तहूँ चालू कर," तो म्हणाला. "दूनों बाजू फेर ले."

तूही सुरू कर, दोन्ही बाजू पुन्हा. मी पदर खोचला आणि उजव्या दिव्यापाशी बसले. यांनी दोन्ही बाजूंना एकेक कप चहा आणून ठेवला आणि रेग्युलेटर बंद केला की नाही ते पाहायला वर निघून गेले.